पाट्यावरचं मिलिंग मशीन

रत्नागिरी, १९ जानेवारी

राजेंद्र भावजींना शालनवहिनीचा सप्रेम जयभीम. मुंबईत तुमचा गुडघा काय म्हणतो? माझे दोन्ही अजून माझं ऐकतात.

गुरुवारी सकाळी अंगण झाडून झालं होतं, बांगडे साफ करून मांजरीला तिचा वाटा देऊन झाला होता, आणि हात धुऊन मी मागच्या पडवीत शिरले. (तीच पडवी, जी रिकामी करायला तुम्ही येत्या रविवारी भंगारवाला बोलावलाय.) तुमच्या दादांनी जाताना अर्धवट ठेवलेलं छोटं मिलिंग मशीन तिथेच आहे. तुम्ही बँकेतले, म्हणून सांगते: वर कटर गरगर फिरतो, खाली आपण धातूचा तुकडा सरकवतो आणि तो सपाट होतो. दीड वर्ष मी ह्यांची वही आणि वाचनालयातली दोन पुस्तकं वाचून ते जोडत होते. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, 'पाया जड हवा. शालनचा पाटा?' मला विचारायचं धाडस काही झालं नाही त्या माणसाचं. विचारलं असतं तर मी भांडले असते आणि मग दिला असता. आता न भांडताच दिला. (चटणी मिक्सरमध्ये करते. लागते तशीच. इतकी वर्षं उगाच वाटली.)

वहीत 'तेल घालणे' असंही होतं. कुठलं, ते नव्हतं. मी घरचं खोबरेल घातलं, हात सैल सोडून. थंडीने ते थिजलं आणि चाक हलेना. शेजारची तुळसा म्हणाली, "अगो, उन्हात ठेव, लोणच्यासारखं." दोघींनी पाट्यासकट ते अंगणात नेलं. तेल सुटलं, आणि वासाने आळीतल्या सगळ्या लाल मुंग्या आल्या.

"मुंग्या कापतेस की लोखंड?"

"ॲल्युमिनियम," म्हणत मी बटण दाबलं. मशीनने पहिलं काम केलं ते तुळसाच्या डोक्याला तेल लावायचं. तुकडा मात्र असा सपाट निघाला की त्यात मला माझा चष्मा दिसला. ह्यांना दाखवायला मी सवयीने मागे वळले. मागे तुळसा होती, डोकं पुसत.

बाकी क्षेम. पडवीचं तुम्ही म्हणाल तसं, आता घरात मोठे तुम्हीच.

शालनवहिनी

ता. क. येताना मशीनचं तेल आणा. खोबरेल नको.

आणखी ता. क. 'तुम्ही म्हणाल तसं' हे पत्राच्या रीतीने लिहिलं. पडवी मला हवी आहे. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.