स्वतःच स्वतःला टपालाने पाठवलेल्या पत्राबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर

प्रेषक : अर्जदार, टायरच्या दुकानावरची खोली, मागचा जिना.

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
बचत खाते विभाग, पहिला मजला.

विषय : परदेशी व्यक्तीस बचत खाते नाकारल्याबाबत फेरविचार होणे व अर्जदाराचे खासगी पत्र फायलीतून काढून मिळणेबाबत.

संदर्भ : खिडकी क्रमांक चारवरून दि. ६ रोजी सर्वांदेखत परत केलेला खाते उघडण्याचा अर्ज.

महोदय,

आपल्या शाखेतील फलकावर 'तक्रार स्वतःच्या भाषेत लिहावी, भाषांतर बँक करून घेईल' असे लिहिले आहे. त्या भरवशावर हा अर्ज मराठीत केला आहे. भाषांतर खिडकी क्रमांक सातवरच्या बाईंनीच करावे, त्यांना अर्धी हकिगत ठाऊक आहे. फक्त या खेपेस मनातल्या मनात वाचावे.

१. अर्जदार, वय ४७, रुग्णालयाच्या धुलाईघरात इस्त्रीच्या मोठ्या यंत्रात ओल्या चादरी सोडण्याचे काम करतो. पारपत्र आहे, कामाचा परवाना आहे, दोन्ही आपण उलटेसुलटे करून पाहिले आहेत. आजवर पगार पाकिटातून मिळत असे. येत्या एक तारखेपासून तो फक्त खात्यात जमा होणार, आणि ज्याचा खाते क्रमांक त्या दिवसापर्यंत मुकादमाकडे पोचणार नाही त्याचे नाव पाळीच्या तक्त्यावरून खोडले जाणार. काम गेले की परवानाही गेला. तेव्हा खाते हौसेखातर मागितलेले नाही.

२. अडले ते राहत्या पत्त्याच्या पुराव्यावर. खोलीत चौघे जण राहतात. भाडेकरार ज्याच्या नावे होता तो कधीच निघून गेला. विजेचे बिल मालकाच्या नावे येते. मालकाकडे दोन ओळी लिहून मागितल्या, तर तो म्हणाला, "चौघं राहता म्हणून मीच लिहून देऊ? डोकं ठिकाणावर आहे ना?" मुकादम म्हणाला, "मी फक्त हजेरी लिहितो, बाकी काही लिहीत नाही." चौदा महिने अर्जदार त्याच खोलीत, त्याच गादीवर पाठ टेकतो आहे. कागदोपत्री मात्र तो कुठेच राहत नाही.

३. तेव्हा खिडकी चारवरच्या साहेबांनीच नियमावली पुढे सरकवली : 'गेल्या तीन महिन्यांत सदर पत्त्यावर, सदर व्यक्तीच्या नावे, टपालाने आलेले कोणतेही एक पत्र.' 'कोणतेही' या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ साहेबांनी मारली, अर्जदाराने नव्हे. आता अर्जदाराला पत्र लिहिणार कोण? घरची माणसे फोन करतात.

४. खोलीतला एक जण पूर्वी शाळेत शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तर म्हणाला, "अरे, तूच टाक की तुला पत्र! पाठवणारा कोण हवा, हे कुठं लिहिलंय? कोरा कागद घाल आणि मोकळा हो." अर्जदाराने पाकीट आणले, जिन्याखालच्या टपालपेटीवर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली. पण कोरा कागद घालायला हात धजेना. कोरा कागद म्हणजे सरळसरळ लबाडी. पत्र म्हटले की आत पत्र हवे. म्हणून त्याने पत्नीच्या वतीने पत्र लिहिले, खाली तिची सहीही केली. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी गावाकडच्या घरचा पत्ता घातला, तिकीट इथलेच लावले आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आला. अक्कल इथे गहाण पडली, हे लेखी कबूल करतो. मास्तर त्या दिवसापासून कपाळाला हात लावून बसला आहे.

५. दि. ६ रोजी अर्जदाराने पाकीट न फोडताच आणले, आत काय आहे हे त्याला माहीतच होते. साहेबांनी शिक्का पाहिला. पत्र परदेशातले आणि शिक्का याच शहराचा. साहेबांनी पाकीट फोडले, भाषा कळेना म्हणून सात नंबरच्या बाईंना हाक मारली. बाईंनी आधी मराठीत आणि मग इथल्या भाषेत, खणखणीत आवाजात वाचले. रांगेत सतरा माणसे होती. त्यातला एक अर्जदाराचा गाववाला.

६. पत्रात होते : "तुम्ही भांडारप्रमुख नाही, दुसऱ्यांच्या चादरी इस्त्री करता, हे मला कळलंय. आधी राग आला, आता नाही. त्यात लाजायचं काय? फोनवर उगाच ऐटीत बोलत जाऊ नका, आवाज थकलेला येतो. वेळेवर जेवत जा." महोदय, घरी अर्जदाराने भांडारप्रमुख म्हणूनच सांगितले होते. कुणाचे तरी ओळखपत्र गळ्यात अडकवून फोटोही पाठवला होता. 'जेवत जा' पाशी बाई थांबल्या आणि त्यांनी वर पाहिले. अर्जदार खिडकीच्या काचेवरचे डाग बघत राहिला. साहेब हसले असते तरी चालले असते. ते हसले नाहीत. त्यांनी 'बनावट' असा तांबडा शिक्का मारला, तो नेमका सहीवर बसला.

७. गाववाल्याच्या पोटात काही राहिले नाही. तिसऱ्या दिवशी पत्नीचा फोन आला. अर्जदार तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत होता, समोर तिघे जण बूट घालत होते. ती म्हणाली, "राग गेला म्हणे! कुणाचा गेला? मला विचारलंत?" त्यावर अर्जदाराने, लाज कोळून प्यायल्यासारखे, तिच्याकडे खरे पत्र मागितले. बँकेला लागते म्हणून. ती म्हणाली, "लिहिते ना. पण ते तुमच्या बँकेत मोठ्यानं वाचवणार नाही कुणाच्यानं." ते यायला दीड महिना लागेल. एक तारखेला तेरा दिवस उरले आहेत.

८. पत्र खोटे होते, हे मान्य. पण ते त्या पत्त्यावर पोचले, पोस्टमनने पोचवले, हे खरे आहे की नाही? बँकेला अर्जदाराचा पत्ता हवा होता की संसार? पत्ता तपासण्यासाठी माणसाची बायको रांगेला ऐकवावी, हा नियम कोणत्या पानावर आहे ते कळवावे. अर्जदार ते पानही वाचेल.

सबब विनंती की, खाते उघडून मिळावे. पत्र शिक्क्यासकट का होईना, अर्जदाराच्या हाती परत द्यावे. फायलीत ठेवू नये.

आणि नकारच द्यायचा असेल तर कृपा करून तोंडी देऊ नये. तो लेखी द्यावा, अर्जदाराच्या नावाने, वरील पत्त्यावर, बँकेच्या पाकिटातून, टपालाने. ते पाकीट घेऊन अर्जदार दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी क्रमांक चारवर हजर राहील. तेही पत्रच असेल, आणि या वेळी ते आपण लिहिलेले असेल.

आपला, अजूनही नम्र,
(सही)
अर्जदार, इस्त्री विभाग, दुसरी पाळी

सोबत :
१) पारपत्राची प्रत.
२) कामाच्या परवान्याची प्रत.
३) नियमावलीचे पान, साहेबांच्या पेन्सिलीच्या रेघेसह.
४) बनावट पत्र : मूळ आपल्याकडे. नक्कल ठेवलेली नाही, पाठ आहे.