न हलणारा ससा

कैनाड,
१० जानेवारी २०१९

योगितास,

सासूचा आशीर्वाद. मी बरी, जानी बरी, शेळी व्याली, दोन पिल्लं आहेत. नविनचा बोटीवरून फोन आला होता. कुठल्या बंदरात आहेस विचारलं तर म्हणतो, आई, पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. बाप असाच होता, विचारलेलं सोडून दुसरंच सांगायचा.

फोन असताना म्हातारी कागद का खरडते असं तुला वाटेल. फोन वाजला की जानी, तुझी पोर, स्पीकर लावून माझ्या मांडीवर बसते. तिच्यासमोर तिच्याबद्दल काय बोलणार? हाल्याचा भाजीचा टेंपो तुमच्या पवईवरूनच जातो. तो हे तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे देईल. वॉचमनला म्हणावं, वाचू नको.

तू पाठवलेली पिशवी मिळाली. मी सगळं खाटेवर मांडलं आणि शेजारच्या रखमीला बोलावलं, म्हटलं बघ, सुनेने जपानी भातुकली पाठवलीय. कप्प्यांचा डबा कळला. सशाचा साचाही कळला, त्यात भात दाबायचा. त्या रबरी वाट्या रखमीला दिव्याच्या वाटल्या, तिने तेलसुद्धा आणलं होतं, मी थांबवलं. प्राण्यांची तोंडं असलेल्या काड्या जानीने उशाशी ठेवल्या, त्या काही डब्यात जायच्या नाहीत. माशाच्या आकाराची बोटाएवढी बाटली कशाला ते मला अजून कळलं नाही. त्यात मावेल एवढ्या रश्शाने कोणाचं पोट भरतं?

आणि तो काळा कागद. पाकिटावर काय लिहिलंय ते देवालाच वाचता येत असेल. वास घेतला तर सुकटीचा. मग मी तो तव्यावर भाजला आणि सुकटीबरोबर चटणीत कुटला. चटणी बरी झाली होती. तू फोनवर हसलीस आणि म्हणालीस, आई, ते समुद्रातलं शेवाळ, कापून सशाला डोळे करायचे होते. आधी सांगायचं. आता सशाचे डोळे माझ्या पोटात आहेत.

आता ज्यासाठी लिहिते ते. जानी शाळेत जेवत नाही हे तुला माहीत आहे म्हणून तू हे सगळं पाठवलंस. पण का जेवत नाही ते मी सांगितलं नव्हतं. तुला म्हटलं होतं, खिचडी आवडत नाही. तसं नाही. टीव्हीवर दाखवतात तसे इथे भूकंपाचे धक्के बसतात. फार नाही. आधी जमिनीतून लॉरीतून दगड ओतल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात, मग थांबतं. आपण तर सवयीने हातातलं काम सोडून बघतो आणि परत धरतो. पण एक धक्का पोरं शाळेच्या व्हरांड्यात जेवायला बसली असताना आला. ताटं फरशीवर सरकली. जानीच्या ताटातली खिचडी तिच्या डोळ्यांसमोर थरथरली. तेव्हापासून ताट पुढे ठेवलं की ती त्याच्याकडे बघत बसते. मी म्हटलं, काय बघतेस? म्हणाली, हलतंय का बघते.

घरी माझ्या हाताने चार घास खाते, तेही अंगणात. आम्ही सध्या अंगणातच बसतो. ऊन चांगलं असतं.

तुझ्या जपानी मालकिणीच्या देशात जमीन सारखी हलते म्हणतात. तिला विचार, तिथली पोरं कशी जेवतात.

सुकी

•

कैनाड,
२६ जानेवारी २०१९

योगितास,

झेंडावंदन करून आलो. जानीने गाण्यात तोंड हलवलं, आवाज काढला की नाही ते मास्तरांनाच माहीत. वर्ग आता आंब्याखाली भरतात. मास्तर म्हणतात मोकळ्या हवेत पोरं चांगली शिकतात. मग एवढी वर्षं खोल्या कशाला बांधल्या, असं मी विचारलं नाही. मास्तरांचं तोंड आधीच उतरलेलं होतं.

मालकिणीचा निरोप तू हाल्याकडे दिलास तो पोचला. तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, डबा असा ठासून भरायचा की हातात धरून हलवला तरी आतलं जागचं हलू नये, तिकडे तसाच भरतात. दुसरी, जमीन हलली की बाहेर पळायचं आणि कशासाठीही परत आत जायचं नाही. दुसरी गोष्ट वाचून मी हसले. मालकिणीला सांग, आमच्या घरात परत जाऊन आणण्यासारखं आहे काय?

पहिली मात्र कामाची निघाली. आधी मी बारीक भात साच्यात घातला. ससा काढला तर त्याचे कान साच्यातच राहिले. मग आपला जाडा लाल भात घेतला, पाणी जरा जास्त, आणि गरम असतानाच ओल्या हाताने दाबला. लाल ससा झाला, पण झाला. डोळ्यांना वांगं भाजून त्याची साल कापली, काळी कुळकुळीत, तुझ्या त्या कागदाहून बरी, आणि वास वांग्याचाच. गालांना बीट. मग उरलेल्या जागेत उकडलेले वाल, गाजर, रबरी वाटीत चिकूची फोड. वाटी सैल बसत होती तिथे अजून चार वाल कोंबले. झाकण लावलं तर आत वाऱ्यालाही जागा नाही.

जानीला म्हटलं, हलव. तिने हळूच हलवला. मी म्हटलं, असा नाही, मांजराने उंदीर धरल्यासारखा हलव. तिने दोन्ही हातांनी गदागदा हलवला. उघडला. ससा आपल्या जागी, डोळेसुद्धा. ती मला म्हणाली, "आजी, हलला नाही." मग झाकण लावून परत हलवला, परत उघडला. असं किती वेळा केलं विचारू नको. शेवटी कान खाल्ला.

आता रोज आंब्याखाली बसून आधी डबा हलवते, उघडते, बघते आणि मगच जेवते. बाकीची पोरंही बघायला गोळा होतात. पाड्यातल्या शुक्राच्या नातीने घरी जाऊन रडून गोंधळ घातला, मलाही ससा पाहिजे. शुक्रा माझ्याकडे आला, म्हणतो, "सुके, तुझ्या सुनेकडून एक साचा मागव." मी म्हटलं, साचा कशाला, नारळाची करटी घे, पाणी लाव, भात दाब, अस्वल होईल. कान वरून चिकटव. तुला खरं सांगू, त्या पिशवीतलं लागतं ते फक्त घट्ट झाकणाचा डबा. बाकी ओला हात आणि सवड.

तर तेवढ्यापुरती काळजी मिटली.

पक्क्या खोलीच्या मागच्या भिंतीला जरा चीर आहे. बोट जाईल एवढी. मी शेण-मातीने लिंपली, दोन दिवसांनी लिंपणही उकललं. नविनने बोटीच्या पैशातून बांधलेली खोली, त्याला फोनवर सांगू नको, समुद्रात आहे तो. आपल्या कुडाच्या घराला काही नाही. ते हलतं आणि परत जागेवर येतं, म्हाताऱ्या बाईसारखं. आम्ही कुडातही झोपत नाही तसं. अंगणात हिरवं प्लास्टिक बांधलंय, पाड्यातल्या सगळ्यांनीच बांधलंय, जत्रा भरल्यासारखं दिसतं. थंडी आहे, पण जानी माझ्या पोटात शिरून झोपते. डबा मात्र मी पक्क्या खोलीत फळीवर ठेवते, बाहेर ठेवला तर कुत्री ओढतात.

दिवाळीला तू म्हणाली होतीस, जानीला मुंबईला नेते, मालकीण मागची खोली देते. तेव्हा मी जे बोलले ते बोलले. अजून तेच म्हणते. परक्याच्या घरात मागच्या खोलीत वाढण्यापेक्षा इथे तिचं अंगण आहे.

काड्या पाठवू नको. उशाखाली एक टोचली मला.

सुकी

•

कैनाड,
८ फेब्रुवारी २०१९

योगितास,

अक्षर वाकडं दिसेल. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर किती सरळ असणार? समजून वाच.

शेळीचं एक पिल्लू मेलं. थंडीने असेल. रखमीशी माझं भांडण झालं, तिच्या प्लास्टिकची दोरी माझ्या खुंटाला बांधते म्हणून. आता तिने सोडली तर मलाच बरं वाटत नाही, तीच दोरी परत बांध म्हणून मी सांगून आले. धक्का आला की ती तिकडून ओरडते, "सुके, आहेस का?" मी म्हणते, "आहे, मर तू." एवढं बोललं की दोघींना बरं वाटतं.

परवाच्या फोनवर जानी गप्प होती, तू विचारलंस तिला काय झालं. मीच तिला सांगितलं होतं, आईला काही बोलायचं नाही. पोरीने ऐकलं. तिला बोलायचं असतं तेव्हा ती ओठ आत ओढते, तसे ओढून बसली होती. ते बघून मला वाटलं, हे बरं नाही. सात वर्षांच्या पोरीला मी तोंड दाबायला शिकवते.

तर ऐक.

मागच्या आठवड्यात एक दिवस सकाळी डबा भरून मी नेहमीसारखा फळीवर ठेवला. जानी अंगणात वेणी घालून घेत होती. आवाज आला. या वेळी लॉरी लांब नव्हती, आपल्या पायाखालीच होती. कोंबड्या वर उडाल्या. सगळा पाडा बाहेरच होता, त्यामुळे पळायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. मी जानीचा हात धरला होता. शेळीने दावं ओढून गळ्याला फास लावून घेतला, म्हणून मी हात सोडला आणि दावं कापायला वळले. एवढंच. कोयत्याचा एक घाव.

वळून बघते तर जानी नाही.

रखमी ओरडत होती, "आत गेली, आत गेली." मला वाटलं कुडात. कुडात नव्हती. पक्क्या खोलीत फळीखाली उभी होती, चौरंगावर चढून डब्याला हात पुरवत होती. मी हाक मारली. ती म्हणाली, "थांब आजी, ससा." तेव्हा मागची भिंत आत आली. आत आली म्हणजे मला तसंच दिसलं, माणूस दारातून आत येतं तशी. मी तिच्यावर पडले आणि तिच्या डोक्यावर हात धरला. पुढचं मला नीट आठवत नाही, तोंडात सिमेंटची चव होती. शुक्राने आणि त्याच्या पोराने ओढून काढलं.

जानीला खरचटलंसुद्धा नाही. नीट वाच, काहीही झालं नाही. अंगणात आल्यावर पांढरी झाली होती पिठासारखी, फक्त डोळे काळे. डबा छातीशी. सगळे उभे असताना तिने झाकण उघडलं, आत बघितलं आणि मला म्हणाली, "आजी, हलला नाही."

मी तिला मारलं. डाव्या हाताने, कारण उजवा उचलत नव्हता. मग जवळ घेतलं. रखमीने विचारलं, मारतेस कशाला?

उजव्या हाताला प्लास्टर आहे, डहाणूला सरकारी दवाखान्यात घातलं. हे डाव्या हाताने लिहिते. नविनला तूच सांग, आणि खोलीचं आधी सांगू नको, आधी पोर बरी आहे ते सांग.

मी बसून विचार केला. जी पोर ताटातला घास थरथरला म्हणून जेवत नव्हती, ती भिंत हलत असताना आत जाते. तिला वाटतं जगात न हलणारी वस्तू एकच आहे आणि ती त्या फळीवर आहे. दुसरं काय करेल ती? मी रोज ठासून ठासून तेच भरून दिलं. तुझ्या मालकिणीने सांगितलं होतं आणि मी हसले होते.

मी डबा द्यायचा बंद करून बघितला. दोन दिवस दिला नाही. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझा हात गळ्यात बांधलेला, चुलीपाशी बसून होते, तर ती करटी घेऊन आली. भात तिनेच दाबला, माझ्यासारखा हात ओला करून. वांग्याची साल तिला कापता आली नाही, तिने डोळ्यांना कोळशाचे दोन तुकडे लावले. डब्यात घातला, बाजूने वाल कोंबले, झाकण लावलं आणि माझ्या कानाशी धरून हलवला. म्हणाली, "बघ, हलत नाही. आता तू खा." मला तोवर कळलं नव्हतं की मीही जेवत नाही. कोळसे काढून ठेवले आणि खाल्लं.

तू तिला घेऊन जा.

दिवाळीला बोलले ते बोलले, आता हे बोलते. मागची खोली असू दे, परक्याची असू दे. सकाळी डहाणू रोडला उतरलीस तर दुपारच्या आत परत निघता येईल. इथे मुक्काम करू नको, तुला प्लास्टिकखाली झोपवायला मला आवडणार नाही. मला चल म्हणू नको. नविन बोटीवरून उतरेल तेव्हा घरी कोणीतरी पाहिजे, आणि शेळी आहे, आणि रखमीला हाक कोण देईल? ती ओरडली आणि उत्तर आलं नाही तर ती एकटीच बसून राहील.

मला भीती वाटते, योगिता. आवाज नसतो तेव्हा जास्त वाटते. हे वाचलंस की फाडून टाक.

येशील तेव्हा तिच्या सगळ्या वस्तू गोळा करून ने. डबा, साचा, रबरी वाट्या, ती बिनकामाची मासळीची बाटली, उशाखालच्या काड्या. मी इथे तिचं काही ठेवणार नाही. ती वस्तूसाठी मागे वळते हे मी बघितलंय. तिच्या पाठीमागे या घरात काही राहायला नको.

एक मी राहीन, त्याला इलाज नाही. स्टेशनला जायला टेंपोत बसल्यावर माझ्यासाठी वळायला लागली तर तिला मान वळवून दाखव आणि सांग, आजी अंगणात बसलीय. आत कोणी नाही.

अंगणात बसलेली,
सुकी