पश्चिमेच्या भिंतीतलं सिमेंट

आबा, आज सकाळपासून मी आपल्या पश्चिमेच्या भिंतीसमोर आहे. बसते, उठते, पुन्हा बसते. विटांमधल्या दरजांत भरलेलं सिमेंट छन्नीने काढायचं काम चाललंय आणि ते निघताना विटेचा पापुद्राही सोबत घेऊन येतंय. कुठे कुठे तर वीट बोटभर आत झिजलीय. मुठ्याहून आणलेले म्हातारे गवंडी मघापासून म्हणतायत, "बाई, तुमी सावलीला बसा की. हितं उभं राहून काय व्हनार हाय?" काही होणार नाही, हे मलाही कळतं. पण घरात गेले की छन्नीचा आवाज येतो आणि पाय परत बाहेर ओढतात. शेवटी वहीची पानं फाडून उंबऱ्यावर लिहायला बसलेय. शाळेला सुट्टी आहे ते बरं, नाहीतर हा सगळा वैताग मुलांवर निघाला असता.

हे घर तुम्ही बांधलंत तेव्हा दिवसभर लोकांची कामं आणि उरलेल्या वेळात आपलं, असं चाललं होतं. आई सांगायची, भट्टीवरून आलेली प्रत्येक वीट तुम्ही दुसरीवर आपटून बघायचात. खणखणीत वाजली तर भिंतीत, बद्द वाजली तर न्हाणीच्या मागे. अख्ख्या भरे गावात चुन्यात काम करणारा तुमच्यासारखा माणूस नव्हता, आणि तुम्हालाही ते चांगलं ठाऊक होतं. मला नोकरी लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी म्हटलं होतं, शेजाऱ्यांसारख्या आपणही सिमेंटने दरजा भरून घेऊ, एकदाची कटकट जाईल. तुम्ही जेवत होतात. घास तसाच हातात. "मास्तरीण झालीस, पर भित कळंना तुला," म्हणालात. "आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडनं झोडतो. भित पानी पितीच. प्यालेलं पानी दरजांतल्या चुन्यातनं भाईर पडतं. तू सिमेंटनं त्या वाटा बुजवल्यास तर ते इट फोडून भाईर यील. तुला घाई लई." आई हसली. मला राग आला, मी ताटावरून उठले. तुम्ही शांतपणे पुन्हा जेवू लागलात.

मग आई गेली आणि तुम्ही अंथरुणाला खिळलात. त्या उन्हाळ्यात भिंतीतला जुना चुना बोटाने सुटत होता, पावसाळा तोंडावर आला होता, आणि चुन्याचं काम म्हणजे तीन-चार आठवडे: रोज थोडं भरायचं, ओली पोती लावायची, ऊन लागू द्यायचं नाही. शाळा, स्वयंपाक, तुमचं औषधपाणी, सगळं माझ्या एकटीवर. एक ठेकेदार म्हणाला, सिमेंटमध्ये दोन दिवसांत मोकळं करतो. मी हो म्हटलं. तुम्ही आतल्या खोलीतून विचारलंत, "चुनाच हाय न्हवं?" मी म्हटलं, "व्हय आबा." तुमच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप तुमची व्हायची. तुम्ही हात पुढे केलात. "आन बरं जरा." मी मागच्या पडवीत गेले, तुम्ही वर्षानुवर्षं पिंपात पाण्याखाली मुरत ठेवलेल्या चुन्याचा गोळा काढला, त्यात रेती आणि विटेची भुकटी मिसळली आणि तो तुमच्या तळहातावर ठेवला. तुम्ही डोळे मिटून अंगठ्याने तो चोळलात. "झकास मुरलाय," म्हणालात. त्यानंतर जो भेटायला येईल त्याला सांगत राहिलात, पोरीनं चुन्यात दरजा भरून घेतल्या, अगदी माझ्यावानी. मी चहाचे कप गोळा करत शेजारीच उभी असायची. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. तेव्हापासून दर दिवाळीला मी त्या भिंतीला गेरू फासते, आतलं करडं सिमेंट दिसू नये म्हणून.

धाकटा आता बावधनला फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या रविवारी तो आला, भिंतीखाली पडलेले पोपडे बघून म्हणाला, "ताई, पाडूया हे. आबांनी विटाच कच्च्या वापरल्या असणार. आणि चुन्याचं एवढं कौतुक, तो तरी कुठे टिकला? इथे खोल्या काढू, कंपनीतली माणसं भाड्याने राहतील." वाईट नाही तो. त्याला या घराचं ओझं वाटतं, एवढंच. पण तुमच्या विटांना तो कच्च्या म्हणाला, आणि मी काय केलं? मान हलवली. दुसऱ्या दिवशी मात्र मुठ्याला जाऊन या गवंड्यांना गाठलं. त्यांनी भिंतीवर थापीचा दांडा वाजवला आणि म्हणाले, "इट पक्की हाय. सिमेंटनं खाल्ली तिला. कुनी भरलं हे?" मी म्हटलं, "आधी कुणीतरी." आधी कुणीतरी! माझी मलाच चीड आली.

भिंत वाचेल, म्हणतात ते. काही विटा बदलाव्या लागतील, चुन्यात सावकाश भरावं लागेल. पण येत्या रविवारी धाकटा घर पाडणाऱ्या माणसाला घेऊन येतोय. त्याला खरं सांगितलं तर तो थांबेल. तुमच्या कामात खोट नव्हती हे कळल्यावर तो एक वीट हलू देणार नाही, एवढं मी त्याला ओळखते. नाही सांगितलं तर घर जाईल आणि तुमचं नावही त्याच्याबरोबर जाईल. इतकं सरळ आहे. मघाशी फोन लावलाही. तो म्हणाला, "बोल ताई." मी म्हटलं, "येताना पोरांना घेऊन ये," आणि ठेवून दिला.

लिहून जरा हलकं वाटेल अशी समजूत होती. नाही वाटत. हा कागद कुठे जायचा नाही, आणि धाकट्याच्या आधी तुम्हाला का सांगितलं, तेही मला कळतंय. तुम्हाला सांगणं सोपं आहे, आबा. तुम्ही उठून भिंत बघायला येणार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे.