खिडक्या लावून घे, म्हणाला

१७ जाने. ८९, अंबरनाथ (पू.)
हळदीकुंकवासाठी चांदीची कोयरी काढली तर काळीकुट्ट. दिवाळीत मी स्वतः टूथपावडर लावून लख्ख करून ठेवली होती. तांब्या, निरांजन, अत्तरदाणी, सगळ्यांची तीच गत. माझ्या माहेरची चांदी इतक्या वर्षांत अशी कधी झाली नाही. कपाटाला हात लावणाऱ्या दोघीच, मी आणि सूनबाई. मी तर चांदी बदललेली नाही. मग?
वैशाली म्हणते, "आई, हवेने होतं." हवेने! हवा काय आजच आली घरात?

१९ जाने.
वै. गेल्या आठवड्यात उल्हासनगरला गेली होती, कॅम्प ३ ला. नातवाचं, सोनूचं, पहिलं बोरन्हाण, त्याला झबलं आणायला म्हणे. आल्या आल्या पिशवी घेऊन तडक आपल्या खोलीत. झबल्यात एवढं लपवायचं काय? तिथे सराफांची रांगच आहे. चांदी द्या, जर्मन सिल्व्हर न्या, कुणाच्या बापाला कळतंय.
श्रीकांतला हळूच बोलून पाहिलं. "आई, काहीही काय!" एवढंच. हल्ली कारखान्यातनं आला की पोरगा बोलतच नाही. पेपर तोंडासमोर. कानात काय भरलंय देव जाणे.

२१ जाने.
देवळात जाते सांगून तांब्या घेऊन मीच कॅम्प ३ गाठला. सिंधी शेठने कसोटीवर घासला, तेजाबाचा थेंब टाकला.
"माताजी, माल एकदम असली है. आपके उधर की हवा खराब है. अंबरनाथ का चाँदी सब ऐसाच आता है."
माझं तोंड एवढंसं झालं. म्हणजे वै. ने काही केलेलं नाही. असो. तिला मी तोंडावर काही बोलले नव्हते, तेव्हा माफीबिफीचा प्रश्न येत नाही.

२३ जाने.
वै. ने अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून कोयरी आत बुडवली. सडक्या अंड्याचा वास सुटला आणि बघता बघता कोयरी पांढरी! म्हणे चांदीला गंधक धरलं होतं, ते अ‍ॅल्युमिनियममुळे सुटलं. घासली की चांदी झिजते, अशी झिजत नाही. बी.एस्सी. सुनेचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.
मी विचारलं, "गंधक आपल्या कपाटात आलं कुठनं?"
"संध्याकाळी तो वास येतो ना, त्या गॅसमधनं." नवऱ्याकडे बघितलंन. तो उठून बाहेर गेला. आता हे काय?

२८ जाने.
काल बोरन्हाण झालं. सोनूला नवे चांदीचे वाळे घातले होते, आज काळे. शेजारच्या गायकवाडबाई म्हणाल्या, पोराच्या अंगात उष्णता असेल. त्यांच्या पिंकीला थंडी पडल्यापासून खोकला आहे, रात्रभर ढास लागते.
उष्णता कसली. काल तोच वास होता, खिडक्या लावलेल्या असूनही. आणि लावल्या का होत्या? तर श्रीकांत घरात पाऊल टाकताच म्हणाला होता, "आई, आज खिडक्या लावून घे." मला वाटलं डासांमुळे.

३० जाने.
आज परत म्हणाला. मी मुद्दाम गॅलरीत जाऊन नाक लावून आले. कुणाच्या तरी फोडणीचा वास, बाकी काही नाही. दिवेलागणीला मात्र आलाच.
याला आधी कसं कळतं?

२ फेब्रु.
वाढता वाढता विचारून टाकलं. "तुमच्याच कारखान्यातनं येतो ना रे तो वास?"
त्याचा घास हातातच राहिला. "गंधकाचं पाणी सोडतात नाल्यात. दुसऱ्या कुणाचं अ‍ॅसिड असतं त्यात. दोन्ही मिळालं की गॅस होतो."
"सोडतात म्हणजे कोण सोडतं?"
तो भात कालवायला लागला. वै. ताटात बघत बसली. म्हणजे हिलाही माहीत. मी घरात चोर शोधत फिरत होते आणि ही दोघं... संताप आला. माझ्या पोटचा पोरगा! आणि लगेच मनात आलं, नोकरी गेली तर खायचं काय? याचीही चीड आली.

६ फेब्रु.
खिडक्या, म्हणाला. लावल्या. पण राहवेना. गायकवाडबाईंचं दार वाजवलं. "आज खिडक्या लावून घ्या हो, पिंकीसाठी." थोड्या वेळाने वास आलाच. मग त्या आल्या.
"काकू, तुम्हाला आधीच कसं कळलं?"
मी म्हटलं, वारा पडला की येतो. त्यांच्या दोरीवरचे कपडे फडफडत होते. त्यांनी कपड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि गेल्या.

९ फेब्रु.
आता आमची खिडकी लागली की बिल्डिंगमधल्या सगळ्या पटापट लागतात. विचारत कुणी नाही. नुसते बघतात. गायकवाडबाईंनी आज जिन्यात थांबवलं. "तुमचे श्रीकांत कुठल्या कंपनीत हो?" जशी काही त्यांना माहीतच नाही!

१३ फेब्रु.
लवकर आला. "आई, खिडक्या." वै. सोनूला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलंन.
मी म्हटलं, "मी नाही लावत. आधी गायकवाडबाईंकडे जा. का लावायच्या ते तुझ्या तोंडाने सांग."
"वेडी झालीस का? नोकरी जाईल."
जाऊ दे, असं म्हणायला हवं होतं. तोंडातनं फुटलं नाही.
ऊन उतरलंय. शेजारच्या गॅलरीत गायकवाडबाई पिंकीला कडेवर घेऊन उभ्या आहेत. आमच्या खिडकीकडे बघून मगाशी हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. आमची उघडी, म्हणून आज त्यांचीही उघडी. खालच्यांची, वरच्यांची, सगळ्यांची उघडी.
श्रीकांतला हे दाखवलं. त्याने बघितलं. चपला घातल्यात, दाराशी उभा आहे. अजून कडी काढलेली नाही.