दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या चार मात्रा

बाबा, रविवारी अकोल्याला आम्ही ते गाणं वाजवणार आहोत. आज दुपारी आमच्या गिटारवाल्याने फोन करून पक्कं सांगितलं. गाणं कार्यक्रमात राहील, पाचव्या क्रमांकावर, पण मी पुन्हा तिथेच चुकले तर पुढच्या वेळेपासून ते माझ्याशिवाय, नुसत्या गिटारवर होईल. बाकीच्या तिघांचं तसं ठरलं आहे. त्याने हे अगदी सौम्यपणे सांगितलं. बँकेत कर्ज नाकारायची सवय असलेला माणूस आहे, वाईट बातमी कशी द्यायची ते त्याला कळतं. मी ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि तुमच्यावर चिडले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या उशिरा चिडण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं, तरी चिडले.

बँड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लाल कोट, पितळी कर्णे आणि ठेल्यावरचा भोंगा येईल. आमचं तसं नाही. अमरावतीत आम्ही चौघं दर शनिवारी सकाळी गिटारवाल्याच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. तो गिटार वाजवतो, ड्रमवर बसणाऱ्याचं औषधाचं दुकान आहे, गाणारी कॉलेजात शिकवते आणि माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. मी की-बोर्डवर असते. पेपरातली नोकरी संपल्यापासून माझ्या आठवड्यात ठरलेल्या वेळेचं असं एवढंच उरलं आहे. दुसऱ्यांची, जुनी, आम्हाला मनापासून आवडणारी गाणी आम्ही वाजवतो, आणि नेमकी तीच आम्हाला जमत नाहीत. जी जमतात ती वाजवायचा आम्हालाच कंटाळा येतो. एक इंग्रजी गाणं आहे, त्यात ड्रमवाला पहिल्या कडव्यापासून जो सुटतो तो आमच्या आधी शेवटाला पोचतो. गिटारवाला ओरडतो, “काय बे, परतवाड्याची जीप पकडाची हाय का तुले?” तो म्हणतो, “मी नाही पळून राहिलो, तुमीच मागं राहून राहिले.” हा वाद आम्ही तीन वर्षं घालतो आहोत. एका गझलेची पट्टी उतरवून उतरवून इतकी खाली आणली की आता ती कुणालाच गाता येत नाही. पण ही दुखणी चौघांची आहेत. त्या एका गाण्याचं दुखणं माझं एकटीचं आहे, आणि ते तुमच्याकडून आलं आहे.

गाणं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या वहीत ते होतं. संथ आहे, आणि दुसऱ्या अंतऱ्याआधी त्यात सगळी वाद्यं थांबतात. चार मात्रा काहीच वाजत नाही, मग गाणारीचा आवाज एकटा वर येतो. हे गाणं त्या चार मात्रांसाठीच बांधलं असावं असं मला वाटतं. ते बँडमध्ये घ्या म्हणून मीच सहा महिने मागे लागले होते. आणि पुन्हा पुन्हा त्या जागेवर माझा उजवा हात तुमचे ते चार सूर टाकतो, चढत जाणारे, तुमच्या क्लॅरिनेटचे. एकदा, दोनदा गाणारी हसली. तिसऱ्यांदा तिने माइक खाली ठेवला. “ताई, तुमी तिथं काहून वाजवता व? मी श्वास घेऊन राहते, अन् तुमी माह्या श्वासावर पाय देता.” तिला काय सांगायचं? मी म्हटलं, “हात जातो गं.” ती म्हणाली, “मंग हाताले सांगा ना बाप्पा.”

हाताला कुणी शिकवलं ते मला नीट आठवतं. अकोल्याचं आपलं स्वयंपाकघर, लग्नसराई, दुपारचं कडकडीत ऊन पत्र्यावर पडलेलं. तुम्ही बाळापूरच्या वरातीहून आला आहात, कोट दाराला अडकवला आहे, पाटावर बसून क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती वाटीतल्या पाण्यात भिजत घातली आहे आणि आई वाढते आहे. जेवणाला मात्र तुम्ही हात लावत नाही. आई विचारते, “काय झालं, काही बोलान का नाही?” तेव्हा तुम्ही सांगता. चौकात समोरून दुसरी वरात आली. तुमचा बँड नेमकं तेच गाणं वाजवत होता, आणि तुम्ही ते मुळात होतं तसं, ती जागा मोकळी सोडून बसवलं होतं. त्या चार मात्रांत तुमचा बँड गप्प झाला आणि समोरच्या बँडचा आवाज आत शिरला. आपल्या वरातीतली माणसं नाचता नाचता तिकडे वळली ती वळलीच. नवरदेवाचा मामासुद्धा. घोडी आणि नवरदेव इकडे, नाचणारे तिकडे. “नवरदेवाचा बाप माह्या अंगावर धावून आला,” तुम्ही म्हणालात, “म्हणे, मास्तर, झोपले का?” आईला हसू आवरेना. मलाही. तुम्ही हसला नाहीत. जेवण तसंच ठेवून तुम्ही वही काढलीत आणि त्या जागेवर चार सूर लिहिलेत.

त्यानंतर ते गाणं तुमच्या बँडात तसंच वाजलं. मी आठवीत गेल्यावर तुम्ही मला जुनी बाजाची पेटी आणून दिलीत. तिची एक पट्टी दाबली की तशीच खाली राहायची, ती बोटाने वर काढावी लागे. संध्याकाळी तुमच्यासमोर मी पहिल्यांदा तेच गाणं वाजवलं, रेडिओवर ऐकलं होतं तसं, जागा सोडून. तुम्ही ओट्यावर थाप मारून मला थांबवलंत.

“हे काय केलं?”

“रेडिओवर असंच आहे, बाबा.”

“रेडिओले वरात सोडून जात नाही. आवाज तुटू देजो नको. समजलं का? पुन्हा वाजव.”

मी पुन्हा वाजवलं. त्या संध्याकाळी किती वेळा ते मोजलं नाही, पण पेटीचा भाता ओढून खांदा दुखायला लागला तोवर. चार सूर बरोबर जागेवर पडले तेव्हा तुम्ही मान हलवलीत. तुमची मान हललेली मी फार वेळा पाहिली नाही, म्हणून तेही लक्षात राहिलं. मला राग येतो तो याचा. तुमचा नियम रस्त्यावरचा होता आणि रस्त्यावर तो खरा होता. पण त्या रस्त्यावर तुम्ही मला कधी नेलं नाही. “बँडात पोरगी कशी नेऊ व?” असं आईला म्हणालात, आणि विषय संपला. जिथे मी कधी चालले नाही तिथली सावधगिरी तुम्ही माझ्या बोटांत घालून ठेवलीत. पुढे तीस वर्षं पेपरात पानावर राहिलेली जागा भरायचंच काम केलं. तिथे ती सवय उपयोगी पडली. आता खुर्चीत बसून, लोकं शांतपणे ऐकत असताना, कुणाचीही वरात कुठेही चाललेली नसताना ती माझं सगळ्यात आवडतं गाणं बिघडवते.

मागच्या महिन्यात परतवाड्याला एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. त्याआधीच्या चार सरावांत मी एकदाही चुकले नव्हते. हात मांडीवर घ्यायचा, मनात चार मोजायचे. गाणारीने मला पेढा आणून दिला होता. कार्यक्रमात ती जागा आली आणि चार सूर वाजले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबा. ऐन गाण्यात. गाणारीचा पुढचा सूर त्या टाळ्यांत बुडाला. नंतर टोपीतले एक म्हातारे गृहस्थ स्टेजजवळ येऊन मला म्हणाले, “माह्या लग्नात अस्संच वाजलं होतं. अकोल्याचा बँड आणला होता आमी. तुमाले कसं मालूम?” गाणारी शेजारीच तारा गुंडाळत होती. तुमचा विषय मी काढला नाही, नुसतं “ऐकलं होतं” म्हणाले. अमरावतीला गाडीतून उतरताना ती म्हणाली, “ताई, ते गाणं मले एकदा तरी पुरं गाऊ द्या.”

तिचं बरोबर आहे. तिने त्या एका ओळीसाठी सहा महिने घातले आहेत, आणि ती ओळ आजवर एकाही कार्यक्रमात कुणी ऐकलेली नाही. हे मला तिच्यापेक्षा जास्त कळतं, कारण गाणं मी आणलं. तुमचा बँड कधीच मोडला. वही आईच्या आजारपणातल्या घरबदलात गेली. तुमचा आवाज कुठे भरून ठेवलेला नाही. त्या चार सुरांशिवाय वाजवता येईल असं तुमचं माझ्याकडे काही नाही. पण ही सबब तिला सांगण्यासारखी नाही, आणि तिने ती का ऐकावी?

उद्या शेवटचा सराव आहे. रविवारी संध्याकाळी सहाला कार्यक्रम सुरू होईल, आमचं पाचवं गाणं सात वाजायच्या आत येईल. दुसऱ्या अंतऱ्याआधी ती माझ्याकडे बघणार नाही, असं तिने मला सांगून ठेवलं आहे. विश्वास ठेवते म्हणाली. मी हात मांडीवर घेईन अशी सगळ्यांची अपेक्षा आहे, आणि मीही तसं कबूल केलं आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एवढं लिहून ठेवते: परतवाड्याला हात गेला नव्हता, बाबा. मी नेला होता.