पलंगावरून काय दिसतं

बाई, मागच्या महिन्यात आईचा पलंग आम्ही हॉलमध्ये आणला, आणि तेव्हापासून तुमची लाल पेन्सिल डोळ्यांपुढे आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मी सिंगापूरला, बुकित बातोकमध्ये राहते. घरांचे नकाशे अजून काढते, म्हणजे तुमच्या हाताखालची आहे असं म्हणायला हरकत नाही.

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला तुम्ही आम्हाला इंग्लंडमधलं मध्ययुगातलं आम्सहाऊस काढायला दिलं होतंत. कुणा धनिकानं निराधार म्हाताऱ्यांसाठी बांधलेलं घर. मी शीटवर ‘धर्मशाळा’ लिहिलं, तर तुम्ही म्हणालात, धर्मशाळेतून माणूस सकाळी उठून चालू लागतो, इथून तो जात नाही. खिडक्या लावून तुम्ही स्लाइड दाखवलीत: लाकडी छपराचा एक लांबच लांब हॉल, दोन्ही भिंतींना पलंग, पूर्वेच्या टोकाला प्रार्थनाघर, मध्ये नुसती लाकडी जाळी. राहण्या-खाण्याच्या बदल्यात म्हाताऱ्यांनी रोज धनिकाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. फुकट काही मिळत नाही, इंग्लंडातसुद्धा, हे तुमचंच. पुढे पुढे अंगणाभोवती प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळं दार, वेगळं धुराडं मिळालं, पण ती नंतरची गोष्ट. मी आपली हुशारी करून हॉल आणि प्रार्थनाघर यांच्यामध्ये चांगली जाड भिंत घातली, कारण प्लॅन उघडाबोडका वाटत होता. तुम्ही तिच्यावर लाल फुली मारलीत. ‘ज्याला उठता येत नाही त्याला पलंगावरून काय दिसतं, ते आधी सांग.’  मी खोडरबर घेतलं, भिंत पुसली आणि मार्क मिळवले.

इथल्या फ्लॅटमध्ये बॉम्ब शेल्टर म्हणून एक जाड भिंतींची कोठी असते. त्या भिंती फोडायला परवानगी नाही. लोक तिथे अडगळ ठेवतात, मी देवघर केलं. नीटनेटकं, पसारा नाही, पाहुण्यांनी कौतुक करावं असं. मग आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळली. तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. एका रविवारी पेज भरवताना ती शांतपणे म्हणाली की तिला पुण्याला एखाद्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवावं. मला फार लागलं. एवढं सगळं करतेय, आणि हिला आश्रम हवा! रागाच्या भरात दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुमची फुली आठवली आणि वाटलं, सापडलं, देव भिंतीआड आहेत. लगेच देव काढून तिच्या पलंगासमोर मांडले. माझ्या मुलानं तिच्या उशीशेजारी डोकं टेकून खात्री करून घेतली आणि इथल्या इंग्रजीत म्हणाला, ‘आजी, कॅन सी, लाह.’ मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

‘देव मला पाठ आहेत गं,’ आई म्हणाली. ‘तू कधी येतेस, कधी जातेस, तेवढं कळत नाही. मला दार दिसू दे.’

इतके दिवस तिचं सगळं करत होते, पण तिला काय बघायचंय हे विचारलं नव्हतं. तुम्ही प्रश्न हातात दिला होतात, आणि मी उत्तर पुन्हा आपल्या मनानंच घातलं होतं. त्याच दिवशी पलंग हॉलमध्ये आला, थेट दारासमोर. हॉल पार दवाखान्यासारखा दिसतो. संध्याकाळी ग्रिलचं कुलूप वाजलं की ती मान वळवते आणि ‘आलीस?’ म्हणते. वृद्धाश्रमाचं नाव तिनं पुन्हा काढलेलं नाही.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार आहे, तेव्हा एक सांगून टाकते. काही संध्याकाळी मी खालच्या बसस्टॉपवर उतरते आणि वर जात नाही. दहा-पंधरा मिनिटं नुसती बाकावर बसून राहते. पलंग लावला तेव्हा आधी मी स्वतः त्यावर आडवी होऊन पाहिलं होतं, बाई. तिथून दार दिसतं. बसस्टॉप दिसत नाही.