माईच्या गुलाबाची जंगली फूट

नीलिमा,

मी वांगणीला महिपतीकडे निघालो आहे. माईच्या माहेरच्या गुलाबाचा डोळा आपल्या अंगणातल्या जंगली गुलाबावर भरून त्यानेच कलम केलं होतं. वेल वाचेल का, हे त्यालाच विचारतो. घरात बसवत नाही.

आठवड्यापूर्वी "बाबा, ही जंगली फूट आहे, कापते," म्हणालीस, तेव्हा मी शेजारच्या कुंदाबाईंदेखत तुझ्या हातून कात्री हिसकावली. "तुला यातलं काय कळतं?" असंही बोललो. तेव्हापासून तू "जेवायला वाढलंय" यापलीकडे माझ्याशी बोलत नाहीस.

आज मुळाशी उकरून पाहिलं. गच्चीपर्यंत चढलेल्या सगळ्या फांद्या कलमाच्या सांध्याखालून आल्या आहेत. माई गेल्यापासून मी जंगली झाडालाच पाणी घालत होतो. तिची वासाची फांदी जेमतेम वीतभर उरली आहे. तिला चिंधी बांधली आहे. बाकीचं आजच काप. मी दोनदा कात्री उचलली आणि ठेवून दिली. माझ्या हाताचा भरवसा वाटत नाही.

निघण्यापूर्वी कुंदाबाईंना सांगून आलो, की तुझंच बरोबर होतं. "मग ते सुनेला सांगा की, काका!" म्हणाल्या. समोर उभं राहून जमेल असं वाटत नाही, म्हणून इथे लिहिलं.

बाबा